काल पास, आज नापास

जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड चालतात. एखादा थ्रेड या क्षणी कुठल्या फंक्शनमध्ये आहे, त्या फंक्शनला कोणी बोलावलं, त्या आधीच्याला कोणी, ही उतरंड म्हणजे त्याचा स्टॅक. 'जेस्टॅक' हे साधन ती छापून दाखवतं. ते बरोबर छापतं का, हे तपासणारी चाचणी मात्र मोठी लहरी. कोडमध्ये काडीचा बदल नसताना काल पास, आज नापास.

खोट बहुधा चाचणीतच असते. ती थ्रेड सुरू करते, अर्धा सेकंद झोपते आणि मग स्टॅक बघते. मशीनवर ताण असला की तोवर थ्रेड ठरल्या जागी पोचलेलाच नसतो. मग अर्ध्याचे पाच सेकंद केले जातात. ही निव्वळ चालढकल.

त्यापेक्षा थ्रेडनेच 'पोचलो' असा निरोप द्यावा. पण निरोप देणं आणि प्रत्यक्ष थांबणं यांतही फट उरतेच! म्हणून त्याची अवस्था 'वेटिंग' होईपर्यंत पुन्हापुन्हा विचारत राहायचं. तीही कधी फसवते, कारण थ्रेड भलत्याच कारणाने थांबलेला असू शकतो. तेव्हा स्टॅकच्या माथ्याजवळ थ्रेडला थांबवणारं 'वेट' हेच फंक्शन आहे ना, तेही पाहावं.

आणि दुरुस्तीनंतर चाचणी एकदा पास झाली म्हणून हुरळू नका. मशीनवर मुद्दाम ताण टाकून ती हजारदा चालवा.