वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : होकारापूर्वीचा हिशेब

वसई, प्रतिनिधी

सुमारे ३०० किलो वजनाच्या वसईतील एका महिलेला २०१५ मध्ये मुंबईच्या रुग्णालयात हलविण्यात आले, तेव्हा तिला घराबाहेर काढणे हेच मोठे आव्हान होते. कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. डॉ. शशांक शहा यांनी तिच्यावर आधी 'स्लीव्ह' आणि २०१७ मध्ये 'बायपास' अशा दोन शस्त्रक्रिया केल्या. २०१९ मध्ये तिचे वजन ८६ किलोवर आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि वसई-विरारच्या घराघरांत या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली.

याच काळातील दुसरे उदाहरण मात्र वेगळे होते. इजिप्तच्या इमान अहमद हिला फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईत आणण्यात आले. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन किती घटले, यावरून नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविण्यात आले आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तिचे निधन झाले. वजनाखेरीज इतर अनेक व्याधींनी तिचे शरीर आधीच पोखरले होते.

ही दोन्ही उदाहरणे टोकाची आहेत. दवाखान्याच्या बाकावर बसून हा प्रश्न विचारणारा सर्वसामान्य माणूस साधारण ९० ते ११० किलोचा असतो. त्याला मधुमेह असतो, गुडघे दुखत असतात, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो आणि विरार लोकलसाठी पुलाचे जिने चढताना धाप लागते. उपास, चालणे, काढे, पावडरी असे सगळे करून झालेले असते. त्याने शस्त्रक्रिया करावी की नाही?

पात्रता कशी ठरते?

पहिला निकष 'बॉडी मास इंडेक्स' अर्थात बीएमआय हा होय. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन १०० किलो असल्यास बीएमआय ३९ येतो. भारतीयांमध्ये कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो. त्यामुळे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने आपल्याकडील मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवण्यात आली. त्यानुसार मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखी व्याधी सोबत असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ बीएमआयच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे सुमारे ८३ आणि ९६ किलो असा होतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी या मर्यादा आणखी खाली आणल्या.

मात्र, पात्र असणे आणि शस्त्रक्रिया आवश्यक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायरॉइडचा विकार, काही औषधे किंवा नैराश्य यांमुळे वजन वाढले असल्यास आधी त्यावर उपचार व्हायला हवेत. लग्न जमावे किंवा बारीक दिसावे एवढ्याच हेतूने हा मार्ग धरणे योग्य नव्हे. ही शस्त्रक्रिया सौंदर्योपचारांत मोडत नाही. पोटावरची चरबी शोषून काढणाऱ्या 'लायपोसक्शन'शीही तिचा संबंध नाही.

शस्त्रक्रियेत होते काय?

आज प्रामुख्याने दोन पद्धती प्रचलित आहेत. दोन्ही दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून केल्या जातात. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव करून देणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असते. त्यामुळे पोट लवकर भरते आणि भूकही मंदावते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न कमी जाते आणि आतड्यातील संप्रेरकांचे कार्यही बदलते. म्हणूनच मधुमेहींमध्ये वजन उतरण्यापूर्वीच साखर खाली येऊ लागल्याचे अनेकदा आढळते. 'मिनी बायपास' हा याचाच एक प्रकार आहे. दोन हजारच्या दशकात गाजलेला जठराचा पट्टा आता फारसा वापरला जात नाही.

स्लीव्हमध्ये कापून काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही, हे होकार देण्यापूर्वी नीट समजून घ्यायला हवे. छातीत जळजळ आणि आम्लपित्ताचा तीव्र त्रास असणाऱ्यांमध्ये स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. अशांसाठी बायपास अधिक योग्य मानला जातो.

लाभ किती, धोका किती?

पहिल्या एक ते दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट अपेक्षित असते. म्हणजे १०० किलोची व्यक्ती ७० ते ७५ किलोच्या आसपास येते. पुढे काही वजन परत वाढणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. वसईच्या उदाहरणातही दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली होती. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी असल्याचे त्यात दिसून आले. २०१२ मधील अमेरिकी चाचणीत, केवळ औषधांच्या तुलनेत शस्त्रक्रियेसह उपचार घेणाऱ्या अधिक मधुमेहींची साखर आटोक्यात आली.

धोक्याची बाजूही स्पष्ट आहे. अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते पाच इतके असते. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे या तीन गोष्टींची डॉक्टरांना सर्वाधिक धास्ती असते. घरी आल्यावर नाडी जलद चालणे, ताप, पोटात किंवा खांद्यात तीव्र दुखणे, श्वास लागणे यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि महामार्गावरील कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. मुंबईत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या वसई-विरारच्या रुग्णाने मध्यरात्री त्रास झाल्यास कोणाला दूरध्वनी करायचा आणि जवळचे कोणते रुग्णालय असा रुग्ण हाताळू शकेल, हे आधीच विचारून ठेवावे.

पथ्य आयुष्यभराचे

खरी परीक्षा सुरू होते ती शस्त्रक्रियेनंतर. पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ अन्न आणि महिना-दीड महिन्यानंतर नेहमीचे जेवण, पण वाटीभर. घास बारीक चावून खावा लागतो. जेवताना पाणी पिता येत नाही. प्रथिने रोज किमान ६० ग्रॅम लागतात. भाताचे ताट बाजूला सारून आधी मासे, अंडी, डाळ किंवा पनीर खाण्याची सवय लावून घ्यावी लागते. बायपासनंतर गोड खाल्ल्यास चक्कर, घाम आणि जुलाब होऊ शकतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांच्या गोळ्या वा इंजेक्शने, तसेच ठरावीक काळाने रक्ततपासणी कायमची पाठीशी लागते. ती टाळणाऱ्यांना रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा आणि मज्जातंतूंचे विकार जडतात. पहिल्या वर्षात केस गळणे आणि पित्ताशयात खडे होणे हे त्रासही नवीन नाहीत.

तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीसुद्धा आधीच सोडावी लागते. बायपासनंतर मद्य लवकर चढते आणि व्यसन जडण्याची शक्यता वाढते. दुखण्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी बायपासनंतर जठराच्या जोडावर व्रण होऊ शकतो. वजन उतरल्यावर स्त्रियांची प्रजननक्षमता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे हा निर्णय पती-पत्नीने मिळून घ्यावा. घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही सल्लामसलतीच्या वेळी सोबत असावी. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खाणे कसे जमेल, याचाही विचार आधीच व्हायला हवा.

पैशाचा प्रश्न

खासगी रुग्णालयातील खर्च काही लाखांच्या घरात जातो. विम्याबाबत गाफील राहून चालत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ मधील निर्देशांनुसार, हा खर्च वगळणाऱ्या कलमातही अपवाद आहे. रुग्ण १८ वर्षांवरील, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली आणि बीएमआय ४० वा अधिक असावा लागतो. तीव्र स्वरूपाचा निद्राश्वसनरोध, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि कमी तीव्रतेचे उपाय निष्फळ ठरले असतील, तर ही मर्यादा ३५ आहे. थोडक्यात, १६० सेंटीमीटर उंचीच्या मधुमेही व्यक्तीला डॉक्टर ८३ किलोपासून पात्र ठरवतील, पण विमा कंपनी ९० किलोच्या खाली दावा नाकारू शकेल. पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी पाहावा आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी. गोळ्या, तपासण्या आणि पुढील वर्षांतील फेऱ्या यांचा खर्चही हिशेबात धरायला हवा.

इंजेक्शनचा पर्याय

अलीकडे निर्णय आणखी अवघड झाला आहे. 'टिर्झेपेटाइड' हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये, तर वजनासाठीचे 'सेमाग्लुटाइड' जून २०२५ मध्ये भारतात आले. टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे दीड वर्षात २० टक्क्यांच्या आसपास वजन घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. मात्र, औषध थांबविल्यावर घटलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो. ज्यांचा बीएमआय मर्यादेच्या जवळ आहे, त्यांनी शस्त्रक्रियेआधी या पर्यायाची चर्चा वैद्यकीय देखरेखीखाली जरूर करावी. बीएमआय ४०च्या पुढे असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचा परिणाम आजही अधिक आणि अधिक काळ टिकणारा आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी किती रुग्णांत गुंतागुंत झाली, माझ्यासाठी हीच पद्धत का, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ तुमच्याकडे आहेत का आणि पाच वर्षांनंतरही तुम्ही मला तपासणार का, हे पाच प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावेत. पहिल्याच भेटीत तारीख देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या ठिकाणी घाई करू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कमीपणा नाही.

भीतीपोटी वर्षानुवर्षे टाळाटाळ करणेही सुरक्षित नाही, कारण दरम्यान मधुमेह मूत्रपिंड आणि डोळे पोखरत राहतो. शस्त्रक्रियेने जठर लहान होते. पुढची वीस-तीस वर्षे पथ्य पाळण्याचे काम मात्र रुग्णाचे आणि त्याच्या घराचेच असते. तेवढी तयारी असेल, तरच संमतीपत्रावर सही करावी.