तोफगोळ्यांच्या बदल्यात काय मिळाले?

२८ मार्च २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १३ देशांनी एका ठरावाच्या बाजूने मत दिले. चीन तटस्थ राहिला, रशियाने नकाराधिकार वापरला आणि ठराव फेटाळला गेला. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नाही. उत्तर कोरियावरचे निर्बंध पाळले जातात की नाही, हे तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीला मुदतवाढ देण्याचा तो ठराव होता. २००९ पासून काम करणारी ही समिती महिनाभरात बंद झाली. निर्बंध कागदावर कायम राहिले, राखणदार मात्र गेला.

गंमत अशी की, २००६ साली उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली तेव्हा याच रशियाने निर्बंधांना पाठिंबा दिला होता. मग बदलले काय? युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियाला तोफगोळे कमी पडू लागले, आणि उत्तर कोरियाकडे त्यांचा मोठा साठा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये किम जोंग उन रेल्वेने रशियात जाऊन पुतिन यांना भेटले. जून २०२४ मध्ये दोघांनी करार केला: एकावर हल्ला झाला तर दुसरा लष्करी मदत देईल.

ही मैत्री विचारसरणीची आहे असे आम्हाला वाटत नाही. इराणमध्ये धर्मगुरूंची सत्ता, उत्तर कोरियात एका घराण्याची. त्यांना जोडते ती गरज. इराणचे शाहेद ड्रोन रशियाने युक्रेनच्या शहरांवर सोडले, आणि पुढे तातारस्तानातील अलाबुगा येथे स्वतःच बनवायला घेतले. पण जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणवर हल्ले केले, तेव्हा रशियाने निषेधापलीकडे काही केले नाही. चीन उघडपणे शस्त्रे देत नाही. तो रशियाचे तेल घेतो, सुटे भाग विकतो. (तेल भारतही घेतो, हे विसरून चालणार नाही.)

खरा धोका युद्ध थांबल्यावरही उरणारा आहे. उत्तर कोरियाच्या सैन्याला ड्रोनच्या लढाईचा अनुभव मिळाला आणि त्याची झळ दक्षिण कोरिया व जपानला लागू शकते. बंद झालेल्या समितीच्या जागी ११ देशांनी स्वतःचे देखरेख पथक उभारले, पण त्यामागे सुरक्षा परिषदेचे बळ नाही.

या व्यवहारात माणसेही दिली गेली. २०२४ च्या शेवटी उत्तर कोरियाचे हजारो सैनिक कुर्स्कमध्ये लढायला पाठवले गेले. दोन्ही सरकारांनी हे उघडपणे मान्य केले ते एप्रिल २०२५ मध्ये. त्या सैनिकांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. आपल्या देशातले काही बेरोजगार तरुणही एजंटांनी नोकरीचे आमिष दाखवल्यामुळे रशियन सैन्यात जाऊन पोहोचले. त्यांपैकी १२ जण मारले गेले आणि १६ बेपत्ता आहेत, असे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.