सस्पेन्स खात्यातली माणसे

‘‘साहेब, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’’

बँकेतल्या तीसेक वर्षांच्या नोकरीत हे कौतुक मी गावोगावच्या शाखांत ऐकले. करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, म्हणून तर उत्तर देता येत नाही. माझे आडनाव नगर जिल्ह्यातले, नाव बायबलमधले. आईच्या जात्यावरच्या ओव्या मराठी, मास्तर असलेल्या वडिलांचे रागावणे मराठी, मी लिहितो त्या कादंबऱ्या मराठी. पण एका नावापायी माझी भाषा पाहुणी ठरते आणि पाहुण्याचे कौतुक होते.

बँकेत एखाद्या रकमेचे खाते सापडले नाही की ती ‘सस्पेन्स’मध्ये टाकतात. दिवसाचा हिशेब जुळतो, माणसे घरी जातात. तपासणीला आलेला साहेब मात्र विचारतो, ही नोंद इतके दिवस इथे का पडून आहे? मराठी ख्रिस्ती माणसाची नोंद अशीच पडून आहे, आणि अलीकडे तर ती काढूनच टाकावी असे म्हणणारे वाढले आहेत.

वास्तविक ही नोंद फार जुनी. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी शिकून दहा हजारांवर ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. तुकोबांचे अभंग तेव्हा अजून व्हायचे होते. ‘ज्ञानोदय’ नगरला १८४२ मध्ये सुरू झाले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर आपण घरोघरी वाचली. वाचताना बाईंचा धर्म कुणाला आडवा आला नाही. पण २०२० च्या उस्मानाबादच्या (आता त्याचे धाराशिव झाले) साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, आणि धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध सुरू झाला, धमकीचे फोन गेले. वसईच्या झाडा-विहिरींसाठी बिल्डरांच्या विरोधात उभा राहिलेला, बायबल सोप्या मराठीत आणणारा हा माणूस. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजल्या मात्र सर्वांनी वाहिल्या. मेलेल्या माणसाच्या धर्माची भीती वाटत नसावी.

राजकारण्यांचे काय सांगावे! नाताळला केक घेऊन येतात, चर्चच्या दारात फोटो काढतात. तेच लोक निवडणुकीच्या सभेत धर्मांतराचा पूर आल्याचे सांगतात. जनगणना काढून पाहावी. १९५१ साली देशात ख्रिस्ती लोक शेकडा २.३ होते, २०११ सालीही शेकडा २.३ च. साठ वर्षांत शाखेचा ठेवींतला वाटा इतकाच राहिला असता, तर वरच्या साहेबांनी मॅनेजरला जाब विचारला असता.

पण बाहेरच्यांवर रागावून मी घरात येतो, तर घरात काय आहे? पुण्यातला भाचा माझ्याशी अमेरिकेच्या निवडणुकीवरून भांडतो. तिथला अमुक उमेदवार म्हणे देवाने पाठवला आहे, असे त्याला मोबाइलवरच्या कुणा प्रवचनकाराने सांगितले. त्याच्या सोसायटीत रोज पाण्याचा टँकर येतो. त्याची दाद कुठे मागायची, हे मात्र प्रवचनात येत नाही.

आणि जात. तिच्याविषयी आम्ही चर्चमध्ये बोलत नाही, फक्त लग्न जमवताना विचारतो. ‘‘तशी मंडळी चांगली आहेत हो, पण मूळची कोण?’’ दोन-तीन पिढ्या एकाच बाकावर बसून प्रार्थना केलेल्या घरांत, पूर्वज महारवाड्यातले की मांगवाड्यातले यावरून सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे. ज्याने जकातदाराबरोबर पंगत केली, त्याच्या नावाने लग्नपत्रिका छापायची आणि हे विचारायचे!

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या धाकट्या भावाने नाही. त्या भावाच्या मुलाने १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला. वस्ती एक होती, पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहणेही एकच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. चुलत्यांच्या घराला उशिरा का होईना न्याय मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमची जात धुऊन निघाली असे सरकारला वाटते, ते गावाला कधी पटले नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हटले. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान किती तरी घरांतून दोन नावे नांदतात. शाळेच्या दाखल्यावर एक, चर्चच्या वहीत दुसरे. रविवारी ही माणसे शेवटच्या बाकावर बसतात आणि फोटो निघू लागला की उठून जातात. त्यांना खोटारडे म्हणणारे आमच्यातच आहेत. मला ते जमत नाही. मुलाची फी भरायची असते, तेव्हा कागद माणसाला काय काय करायला लावतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे.

सध्या माझ्या मंडळीत दोन तट आहेत. वाद उपदेशाचा असता तर मी समजू शकलो असतो. वाद आवाराच्या जागेचा आणि रस्त्यावरच्या गाळ्यांच्या भाड्याचा आहे. दोन समित्या, दोन पावती-पुस्तके. गेल्या नाताळला पहिली उपासना सकाळी आठला, दुसरी साडेदहाला, आणि मधल्या वेळात फाटकावर दोन पोलीस. त्यातला एक हवालदार मुसलमान होता. त्याने माझ्या बायकोला ‘‘मावशी, हॅपी ख्रिसमस’’ म्हटले. त्या दिवशी आवारात सर्वांना सारख्याच शुभेच्छा देणारा तेवढा तोच.

मी बँकवाला, म्हणून दोन्ही तटांनी हिशेब तपासायला मलाच बोलावले आहे. मी कळवले, दोन्ही वह्या एकाच टेबलावर, एकाच वेळी आणि दोन्ही खजिनदार समोर असतील तर येतो. टेबल माझ्या घरचे चालेल, चहा बायको देईल. या गोष्टीला पाच आठवडे झाले. कोर्टातली पुढची तारीख जूनची आहे.