नियंत्रित ज्वलन

वणव्याची तीव्रता कमी करण्यासाठी वनातील पालापाचोळा, वाळलेले गवत व झुडपे मर्यादित क्षेत्रात हेतुपुरस्सर जाळण्याची पद्धत. वारा, तापमान व आर्द्रता अनुकूल असताना, भोवती जाळरेषा काढून आग लावतात. ती जमिनीलगत राहते व वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतातील महाकाय सिकोया वृक्षांना अशी सौम्य आग उपकारक ठरते. त्यांची जाड साल ती सहन करते, उष्णतेने शंकू उघडतात व बी मोकळ्या मातीत रुजते. विसाव्या शतकात मात्र प्रत्येक आग विझविण्याच्या धोरणामुळे तेथे ज्वालाग्राही पदार्थ साचत गेले व नवी रोपे विरळ झाली. त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९६८ मध्ये आपले धोरण बदलले व नियंत्रित ज्वलनास मान्यता दिली. तथापि बरेच क्षेत्र तसेच राहिले. २०२० च्या ‘कॅसल’ वणव्यात जगातील मोठ्या सिकोयांपैकी सु. १० ते १४% वृक्ष नष्ट झाल्याचा अंदाज आहे.

ही पद्धत निर्धोक नाही. न्यू मेक्सिकोत २०२२ मध्ये नियंत्रित ज्वलनाच्या आगी हाताबाहेर जाऊन त्या राज्यातील तोवरचा सर्वांत मोठा वणवा भडकला. म्हणून योग्य हवामानाची निवड आणि आग पूर्ण विझल्याची खात्री या दोन्ही बाबी अत्यावश्यक होत.