दिवा विझला, बिघाड राहिला

पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागलो आणि गाडी हिसके देऊ लागली. मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत होता. मागच्या सीटवर अम्मी होत्या, कराडला डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. हाच दिवा दोन आठवड्यांपूर्वीही लागला होता. तेव्हा गॅरेजवाल्याने एक यंत्र जोडले, चारही स्पार्क प्लग बदलले, यंत्राचे बटण दाबून दिवा घालवला आणि म्हणाला, “सर, आता बिनधास्त जावा.” यंत्रावर काय दिसले ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

धाकट्या भावाला सोबत देऊन अम्मींना एसटीत बसवले आणि गाडी हळूहळू खाली आणली. संध्याकाळी भाचा आला. तो पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकतो. खिशातून काडेपेटीएवढी एक वस्तू काढून त्याने ती स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचली आणि मोबाईलवर ॲप उघडले. मी म्हटले, “आधी तो दिवा घालव.” तो हसला. “मामू, आधी वही आणा.”

त्या सॉकेटला सोळा पिना असतात. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांत ही तपासणीची व्यवस्था, म्हणजे ओबीडी, २०१० पासून आली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ती आहे. ब्लूटूथवर चालणारा साधा रीडर काही शे रुपयांपासून मिळतो.

आमच्या वहीत उतरले ते ‘पी ०३०१’. यातला ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. बॉडीसाठी ‘बी’, चॅसीसाठी ‘सी’ आणि गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संपर्कासाठी ‘यू’. पुढचे शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. ०३०१ चा अर्थ, पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. का पेटत नाही, हे कोड सांगत नाही. प्लग खराब असेल, त्याला ठिणगी पुरवणारी कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर सिलिंडरमधला दाबच कमी झाला असेल.

वर्गात जो मोठ्याने ओरडतो त्यानेच खोडी काढलेली असते असे नाही, हे वीस वर्षे शिकवून मला ठाऊक आहे. गाडीच्या बाबतीत मात्र मी ते विसरलो. ‘पी ०१७१’ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. त्या कोडचे म्हणणे एवढेच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. फुटकी हवेची नळी किंवा दमलेला पेट्रोलपंप हेही त्याचे कारण असू शकते. बिचारा सेन्सर पुष्कळदा खरेच बोलत असतो.

कोडसोबत गाडी त्या क्षणाची नोंदही ठेवते. आमच्या नोंदीत वेग कमी, इंजिनावरचा भार जवळजवळ पूर्ण आणि पाणी गरम, म्हणजे घाटाची चढण. भाचा म्हणाला, “भार आल्यावर ठिणगी कमी पडते. कॉइलवर संशय आहे, पण नवी आणू नका.” इंजिन थंड झाल्यावर त्याने पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली. मग चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून कोड पुसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच जवळच्या एका छोट्या चढावर गेलो. हिसका बसला तसे ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घेतली आणि रीडर लावला. ‘पी ०३०२’. कॉइलबरोबर तक्रारही दुसऱ्या सिलिंडरकडे गेली होती. एक कॉइल बदलली, काम झाले. आधीचे चार प्लग फुकट गेले.

दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर दोनचार दिवसांत दाखवले तरी सहसा चालते. लुकलुकत असेल तर तसेच दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो भाग तापून निकामी होऊ शकतो. कॉइलच्या कितीतरी पट त्याची किंमत असते.

पुसण्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण फसवणूक तिथेच होते. बटण दाबले की कोड जातो, त्या क्षणाची नोंद जाते आणि गाडीने स्वतःवर घेतलेल्या चाचण्यांचे निकालही जातात. ॲपमध्ये ‘रेडिनेस’ नावाचे पान असते. पुसल्यानंतर तिथे बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून काही दिवस गावात आणि हायवेवर गाडी चालवावी लागते. बॅटरीची तार काढून ठेवली तरी अनेक गाड्यांत हेच होते.

गेल्या महिन्यात मेहुणे जुनी गाडी घ्यायला निघाले. मुलीच्या लग्नातून उरलेले पैसे होते, म्हणून मी रीडर घेऊन सोबत गेलो. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. हे बरोबरच. चावी फिरवूनही तो लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून टाकला असण्याची शक्यता असते. कोड एकही नव्हता. मालक म्हणाला, “बघा, एकदम क्लीन! रोज मीच चालवतो.” रेडिनेसचे पान उघडले तर जवळजवळ सगळे अपूर्ण. रोज चालणाऱ्या गाडीचे पान असे कोरे नसते. मी नम्रपणे विचारले, “हल्ली बॅटरी बदलली होती का?” तो म्हणाला, नाही.

मेहुण्यांनी त्याला सांगितले, “चार दिवस चालवा, मग पुन्हा एकदा हे यंत्र लावू, आणि त्याच दिवशी पैसे देऊ.” तो हो म्हणाला. पाचव्या दिवशी मेहुण्यांनी तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही.