तेलविहिरीतला चिखल आणि चकचकीत कागद

लातूर-नांदेडकडे बोअर मारणारी गाडी शेतात उभी राहिली की आधी दिसते ती हवेत उडणारी राखाडी भुकटी. कॉम्प्रेसरची हवा दांड्यांमधून खाली जाते, टोकाचा हातोडा काळा पाषाण फोडतो आणि त्याचा चुरा त्याच हवेच्या जोरावर वर येतो. आपल्या बसाल्टमध्ये हे जमते, कारण छिद्राच्या भिंती स्वतःच्या बळावर उभ्या राहतात. समुद्राखालचा गाळाचा खडक एवढा भरवशाचा नसतो. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले आणि १९७६ पासून ते बाहेर निघू लागले. तिथल्यासारख्या विहिरी खोदताना हवेऐवजी एक दाट द्रव सतत फिरवावा लागतो. तेलक्षेत्रातले लोक त्याला नुसते ‘मड’ म्हणतात.

या मडची कामे पुष्कळ आहेत. खडकाचा चुरा वर आणायचा, तापलेले पाते थंड ठेवायचे, छिद्राच्या भिंती कोसळू द्यायच्या नाहीत, खालून उसळणाऱ्या वायूला आपल्या वजनाने दाबून धरायचे. शिवाय पंप बंद पडला तर द्रवाने जागच्या जागी घट्ट व्हायचे, म्हणजे चुरा तळाशी बसत नाही. पंप सुरू झाला की पुन्हा पातळ व्हायचे. एवढे गुण ज्यात एकत्र येतात, तो पदार्थ म्हणजे बेंटोनाइट ही माती आणि पाणी. अमेरिकेत टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला १९०१ साली तेल लागले, तेव्हा तळ्यात गुरे फिरवून चिखल तयार केला आणि तोच छिद्रात सोडला, असे सांगतात.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला बेंटोनाइटचा स्वभाव शिकवायची गरज नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पहिल्या पावसात फुगून त्या भेगा मिटवणारी आपली काळी माती याच कुळातल्या खनिजांमुळे तशी वागते. स्मेक्टाइट गटातल्या या खनिजांचे पापुद्रे नॅनोमीटरभर जाडीचे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. बसाल्ट झिजून, बदलून ही खनिजे तयार होतात. कच्छमध्ये उकरले जाणारे बेंटोनाइटही दख्खनच्या लाव्ह्याच्या प्रदेशातलेच आहे. हीच माती कागदाच्या कारखान्यातही पोहोचते. लगद्यातले बारीक कण पाण्याबरोबर वाहून न जाता जाळीवर टिकावेत, यासाठी ती अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात.

खोल छिद्राशी या भागाची ओळख मात्र दुःखातून झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचा ३३८ मीटरचा थर लाव्ह्याचा निघाला. त्याखाली गाळाचा पातळ पट्टा आणि मग कोट्यवधी वर्षे जुना पायाचा खडक लागला. पुढे कोयना परिसरात गोठणे येथे खोदाई तब्बल ३ किलोमीटरपर्यंत गेली. तिथे फिरत्या मडबरोबर वर येणारे वायूसुद्धा तपासले गेले. जमिनीच्या पोटातली जी बातमी वर येते, ती आधी या द्रवात उमटते. म्हणून त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस खोदाईच्या जागी लागतोच.

त्याची हत्यारे साधी, पण विचारपूर्वक घडवलेली आहेत. सगळ्यांत स्वस्त म्हणजे मार्श फनेल. हॅलन मार्श या अमेरिकी अभियंत्याने १९३१ मध्ये या नरसाळ्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात दीड लिटर द्रव ओतायचा, खालचे बोट काढायचे आणि ९४६ मिलिलिटर गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. साध्या पाण्याला २६ सेकंद लागतात. पुलाच्या पायाचे पाइल घेताना बेंटोनाइटच्या पाण्याची चाचणी याच नरसाळ्याने होते.

नरसाळे एकच आकडा देते, आणि दाट द्रवाचा स्वभाव एका आकड्यात मावत नाही. म्हणून १९५० च्या दशकात फिरत्या भांड्याचा व्हिस्कोमीटर आला. बाहेरचे नळकांडे फिरते, आतला दंडगोल स्प्रिंगला टांगलेला असतो आणि मधला द्रव त्याला किती पिळतो ते तबकडीवर दिसते. मिनिटाला ६०० फेऱ्या आणि ३०० फेऱ्या अशी दोन वाचने घ्यायची. पहिल्यातून दुसरे वजा केले की द्रव वाहताना होणारा अंतर्गत विरोध मिळतो. तो ३०० च्या वाचनातून वजा केला की द्रव हलवायला लागणारा किमान जोर समजतो. तसेच द्रव १० सेकंद आणि १० मिनिटे स्थिर ठेवून तो किती घट्ट झाला, हेही पाहता येते. कागद कारखान्यात टाकीत किंवा नळीत थांबून राहिलेल्या मिश्रणाबद्दल नेमका हाच प्रश्न पडतो.

लातूरहून बार्शीमार्गे पुण्याला जाताना भिगवण लागते. उजनीच्या जलाशयावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ते प्रसिद्ध आहे. तिथला कागद कारखाना इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने उभारला आणि पुढे तो बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे आला. त्याची ओळख कोटेड कागदासाठी, म्हणजे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला किंवा कॅलेंडरला लागणाऱ्या चकचकीत कागदासाठी आहे. असा कागद नुसत्या लगद्याचा नसतो. त्यावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड, तिला धरून ठेवणारे लॅटेक्स किंवा स्टार्च आणि थोडा दाटपणा आणणारा सीएमसी यांचा लेप असतो. स्टार्च आणि सीएमसी तर तेलाच्या मडमध्येही घालतात.

या दोन उद्योगांचे खरे नाते लेपातून पाणी कसे निसटते यात आहे. तेलविहिरीत मड सच्छिद्र खडकाला टेकलेले असते आणि दाबामुळे त्यातले पाणी खडकात शिरते. मागे मातीचा पापुद्रा भिंतीवर साचतो. तो पातळ आणि घट्ट हवा. जाड झाला तर खोदाईच्या नळ्या अडकतात. कागदावर लेप पडतो तेव्हाही कोरा कागद तसेच पाणी ओढून घेतो. पाते जादा लेप खरवडून काढण्याआधीच पाणी फार निघून गेले, तर लेप पात्यापाशी घट्ट होतो, कण अडकतात आणि कागदावर लांबच लांब ओरखडे उमटतात. वेगाने धावणाऱ्या यंत्रावर असा एक ओरखडा काही मिनिटांत कित्येक किलोमीटर कागद वाया घालवतो.

तेलक्षेत्रात याची चाचणी फिल्टर प्रेसने होते. धातूच्या छोट्या भांड्यात मड भरतात, तळाशी गाळण कागद असतो आणि वरून चौरस इंचाला १०० पौंड दाब देतात. हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तिपटीहून जास्त आहे. अर्ध्या तासात किती मिलिलिटर पाणी गळाले ते मोजायचे आणि कागदावर साचलेल्या थराची जाडी पाहायची. तेलविहिरीचे भवितव्य कागदाच्या चकतीवर ठरते, ही गोष्ट कागद बनवणाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. कोटिंगच्या प्रयोगशाळांनी हाच फिल्टर प्रेस आपल्या लेपासाठी वापरला.

पण जसाच्या तसा तो पुरत नाही, आणि या विषयाची गंमत इथेच आहे. विहिरीत मड खडकाशी तासन्‌तास टेकलेले असते, तर कागदावर लेप पडल्यापासून पात्याखाली जाईपर्यंत जेमतेम सेकंदाचा अंश जातो. अर्ध्या तासाची चाचणी इथे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देते. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडच्या ओबो अकादमी विद्यापीठातल्या संशोधकांनी तत्त्व तेच ठेवून उपकरण बदलले. १० मिलिलिटर लेप, खाली अतिसूक्ष्म छिद्रांची पातळ जाळी, तिच्याखाली टिपकागद, दाब कमी आणि वेळ एक-दोन मिनिटांचा. शेवटी पाणी मिलिलिटरमध्ये न मोजता टिपकागदाचे वाढलेले वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये मांडतात. कागदाचे वजनही याच एककात मोजले जाते, त्यामुळे कारखान्यातल्या माणसाला हा आकडा लगेच कळतो.

व्हिस्कोमीटरचेही तसेच आहे. ६०० फेऱ्यांना तेलक्षेत्रातल्या यंत्रात द्रवाच्या थरांचा घासण्याचा वेग सेकंदाला सुमारे १०२२ असतो. लेपाचे पाते मात्र वेगळ्याच जगात काम करते. कागद सेकंदाला १५ मीटर धावत असेल आणि पात्याखालची फट १५ मायक्रॉन असेल, तर हाच वेग १० लाखांवर जातो. त्या वेगाला काही लेप पातळ होण्याऐवजी उलट घट्ट होतात, आणि ६०० फेऱ्यांवर सरळ दिसणारे मिश्रण पात्याखाली अडून बसते. हे ओळखण्यासाठी हर्क्युलिस व्हिस्कोमीटर आहे. त्यात आतला दंडगोल मिनिटाला ४४०० पर्यंत फेऱ्या घेतो आणि पीळ बाहेरच्या भांड्यावर मोजला जातो. त्याच्याही पुढे जायचे तर दाबाने बारीक नळीतून लेप ढकलणारी उपकरणे लागतात. माझ्या मते कारखान्याने पैसा सगळ्यांत आधी इथे घालावा, कारण पात्यापाशी होणारी चूक नरसाळ्यात कधीच दिसत नाही.

आता मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. मांजरा खोऱ्यात आणि गोदाकाठी साखर कारखाने आहेत, म्हणजे बगॅस, अर्थात उसाचे चिपाड आहे, आणि बगॅसपासून कागद होतो. तमिळनाडू न्यूजप्रिंट या कंपनीने १९८० च्या दशकापासून ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. तेलाची हत्यारे बगॅसच्या लगद्याला मात्र नीट लागू पडत नाहीत. तिथल्या व्हिस्कोमीटरमध्ये दोन नळकांड्यांमधली फट साधारण १.१७ मिलिमीटर असते आणि बगॅसचा तंतू जवळजवळ तेवढाच लांब असतो. तंतू एकमेकांत गुंततात, गुठळ्या होतात आणि वाचन भरकटते. मार्श फनेलच्या तोंडाशीही गुंता अडकतो.

म्हणून लगद्यासाठी वेगळी चाचणी आहे, फ्रीनेस. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम कोरडा तंतू घोळून तो जाळीवर सोडायचा आणि पाणी किती मोकळेपणाने निघते ते पाहायचे. बगॅसच्या लगद्यातून पाणी हळू निघते. त्याचे मोठे कारण पिथ, म्हणजे उसाच्या गाभ्यातला मऊ भुसा. तो चिपाडाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. त्याचे बारीक कण जाळीची भोके बुजवतात, कागदयंत्राचा वेग कमी होतो आणि सुकवायला वाफ जास्त लागते. मडमध्ये बेंटोनाइट खडकाची भोके बुजवते म्हणून हवे असते, इथे पिथ तेच करतो म्हणून नको असतो. त्यामुळे तो साखर कारखान्याच्या आवारातच, चिपाड ओले असताना, यंत्राने झोडून वेगळा काढतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. लगदा बनवायला निघते ते उरलेले चिपाड.