सॅम्युएल स्ट्रीटवरची 'जुनी मशीद'

मशीद बंदर स्टेशनाला ते नाव मिळालं एका यहुदी प्रार्थनामंदिरावरून, असं सांगितलं जातं. मांडवीच्या घाऊक बाजारातून, हातगाड्या चुकवत सॅम्युएल स्ट्रीटला पोचलं की इस्रायल मोहल्ल्यात शाआर हारहमीम लागतं. बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. समाजातली जुनी माणसं त्याला 'जुनी मशीद'च म्हणत, आणि धार्मिक कार्यं चालवणाऱ्याला काझी. त्यानं कुणाचा धर्म बुडाला नाही.

सिनेगॉग उभारलं 1796 साली, सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, 'आम्ही बेने इस्रायल' असं म्हणाले, आणि कुराणात ज्यांचं नाव ऐकलं ती माणसं समोर पाहून टिपूच्या आईनं त्यांचा जीव मागून घेतला, अशी कथा आहे. इतिहासकार तिला पुरावा मानणार नाहीत. पण आपल्या पहिल्या सिनेगॉगच्या जन्मकथेत एका मुसलमान आईला मानाची जागा देणारा हा समाज आहे, एवढं तरी त्यातून कळतं.

कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून: दिवेकर, केहीमकर, पेणकर. शब्बाथ आणि सुंता त्यांनी सांभाळली, हिब्रू मात्र जवळजवळ विसरले. ती पुन्हा शिकवण्यात मोठा हात होता स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा. 1829 साली मुंबईत आलेल्या विल्सननी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून लिहिलं. हेतू उघड होता, धर्मांतराचा. बेने इस्रायलांनी मुलं मिशनच्या शाळेत घातली, हिब्रू शिकून घेतली आणि आपलाच धर्मग्रंथ, तोरा, नीट वाचू लागले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. विद्या घ्यायची आणि दीक्षा नम्रपणे नाकारायची, तरी संबंध तुटू द्यायचे नाहीत, हे मला आजच्या सर्वधर्मपरिषदांपेक्षा अवघड वाटतं.

हिंदू शेजाऱ्यांकडून घेतलं कीर्तन. 1880 च्या सुमारास हरदासांच्या धर्तीवर त्यांची मराठी कीर्तनं सुरू झाली. साकी, दिंडी, आर्या सगळं आपलं. आख्यान मात्र अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावानं हे ताट मांडायचं, आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांनी वाटून खायचं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, निमित्त कुठलंही चालतं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाच्या रथाच्या खुणा मानला जाणारा कातळ आहे; तिथेही नवस बोलले जातात. मलिदा दर्ग्यातही चढतो, पोहे कोकणात घरोघरी. त्यामुळे हे ताट कुणालाच परकं वाटत नाही. सोयरीक मात्र समाजातल्या समाजातच. मैत्रीची ती हद्द दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली, मागे राहिली काही हजार माणसं. शाळेतली बाकं मात्र रिकामी पडली नाहीत. आज तिथली बहुसंख्य मुलं मुसलमान घरांतली आहेत.

खरी कटुता आली ती स्वधर्मीयांकडून. बगदादी यहुद्यांनी 1836 साली मुंबईच्या यहुदी दफनभूमीत बेने इस्रायलांपासून वेगळं करणारी भिंत मागितली. बेने इस्रायलांना अस्सल यहुदी मानायचं की नाही, हा बगदाद्यांचा प्रश्न. तोच प्रश्न 1962 मध्ये इस्रायलच्या धर्मपीठानं लग्नांच्या बाबतीत पुन्हा काढला. बेने इस्रायल जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले. 1964 साली सरकारनं त्यांना पूर्ण यहुदी म्हणून जाहीर केलं, तेव्हा कुठे तो निकालात निघाला. मांडवीच्या बाजारात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता.